साडेआठ लाख जेलीफिश आणि एका हिरव्या ठिपक्याचा हिशोब



पोस्ट मोठी आहे, आधीच सांगते. चहा घेऊन बसा. नाहीतर सेव्ह करून ठेवा आणि मुलांना स्विमिंगला सोडल्यावर पार्किंगमध्ये गाडीत बसून वाचा. माझं निम्मं वाचन तिथेच होतं.

सुरुवात एका फोटोपासून झाली. माझी लेक आता हायस्कूलच्या ज्युनियर वर्षाला आहे. एके दिवशी दुपारी ऑफिसात असताना तिचा मेसेज आला. फोटोत काळोख, आणि त्या काळोखात एका छोट्या काचेच्या बशीत हिरवेगार चमकणारे ठिपके. खाली लिहिलं होतं, "आई, मी केलं." बायोलॉजीच्या वर्गात त्यांनी साध्या जिवाणूंमध्ये एका जेलीफिशचा जीन घातला होता. साध्या उजेडात ते ठिपके पांढरट दिसतात. जांभळ्या अतिनील दिव्याखाली धरले की हिरवे पेटतात.

मी अंगठ्याचं चित्र पाठवून विसरून गेले. महिन्याभराने जेवणाच्या टेबलावर ती म्हणाली, "आई, मला प्री-मेड नाही करायचं. कॉम्प्युटर पण नाही. मला लॅबमध्ये काम करायचंय. रिसर्च."

आता मी सीए. वीस वर्षं दुसऱ्यांच्या जमाखर्चात डोकं घातलंय. माझा हात आपोआप एक्सेलकडे गेला. चार वर्षांची कॉलेजची फी, मग पाच-सहा वर्षं पीएचडी, मग पोस्टडॉक, मग मिळाली तर नोकरी. शेजारच्या कॉलमात फार्मसी, त्याच्या शेजारी कॉम्प्युटर. वयाच्या पस्तिशीपर्यंत हातात काय राहतं ते लाल आणि हिरव्या रंगात. शीट तिला दाखवली. तिने शांतपणे बघितली आणि विचारलं, "तो हिरवा रंग पहिल्यांदा कोणी शोधला, त्यांची पण अशी शीट होती का?"

उत्तर मला माहीत नव्हतं. म्हटलं दहा मिनिटांत शोधते. तीन आठवडे गेले. जे सापडलं ते इथे मांडतेय, कारण ही गोष्ट परदेशात आलेल्या माणसांची आहे, त्यांच्या मुलांची आहे, आणि गंमत म्हणजे बरीचशी आपल्या न्यू जर्सीतली आहे.

आधी चमकणं म्हणजे काय

पुण्यात आर्टिकलशिप करत असताना बँकेच्या ऑडिटला जायचे. कॅशियरच्या टेबलावर एक छोटी जांभळी ट्यूब असायची. नोट तिच्याखाली धरली की नंबरची पट्टी चमकायची आणि कागदातले बारीक धागे उजळायचे. नाही चमकली तर नोट बाजूला. इथल्या वीस डॉलरच्या नोटेतली पट्टीही अतिनील प्रकाशात हिरवी दिसते आणि शंभरच्या नोटेतली गुलाबी. घरी करून बघा.

याला मराठीत प्रतिदीप्ती म्हणतात, बोलताना आपण फ्लुरोसन्सच म्हणू. मला ते असं समजलं: समजा तुम्ही मोठी नोट देऊन सुटे मागितले, आणि समोरच्याने थोडं कमिशन कापून बाकीचे सुटे परत केले. पदार्थ जास्त ऊर्जेचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश घेतो, थोडी ऊर्जा स्वतःकडे ठेवतो आणि उरलेली कमी ऊर्जेचा, दिसणारा प्रकाश म्हणून लगेच परत करतो. दिवा बंद केला की व्यवहार बंद. काजव्याचं वेगळं. भंडारदऱ्याला पावसाच्या तोंडावर झाडंच्या झाडं लुकलुकतात ना, तो काजव्यांच्या पोटात रासायनिक क्रियेतून तयार झालेला प्रकाश. ती त्यांची स्वतःची कमाई. फ्लुरोसन्स म्हणजे नुसतं सुट्टे करून देणं.

१८४५ मध्ये जॉन हर्शेल यांनी क्विनाइनच्या पाण्यावर ही निळी झाक पाहिली. तेच क्विनाइन आज टॉनिक वॉटरमध्ये असतं. १८५२ मध्ये केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्स यांनी त्यामागचं गणित सांगितलं आणि नाव दिलं.

पण जीवशास्त्राला याचा काय उपयोग? तर बघा, पेशी बहुतेक पारदर्शक असते. आत हजारो तऱ्हेची प्रथिनं धावपळ करत असतात आणि सूक्ष्मदर्शकातून बघितलं तर सगळा एकच धुरकट रस्सा. दिवे घाटात वारी चढताना वरून बघितली आहे? पांढऱ्या टोप्यांचा नुसता प्रवाह. त्यात आपली आत्या कुठे आहे ते कसं कळणार? पण तिच्या हातात एक हिरवा कंदील दिला तर? मग ती कुठे थांबली, कुठे वळली, कोणाबरोबर चालली, सगळं वरून दिसेल. पेशीतल्या एका प्रथिनाच्या हातात असा कंदील देता येणं, ही विसाव्या शतकातल्या जीवशास्त्राची मोठी निकड होती.

तो कंदील एका जेलीफिशकडे होता.

बोटीने आलेला माणूस

ओसामु शिमोमुरा. जन्म १९२८, जपान. ऑगस्ट १९४५ मध्ये ते सोळा वर्षांचे होते आणि नागासाकीजवळच्या इसाहाया गावात एका कारखान्यात युद्धकाळातलं सक्तीचं काम करत होते. ९ तारखेला आकाशात विमान दिसलं, मग डोळे दिपवणारा झोत. काही काळ त्यांना काहीच दिसेना. घरी चालत जाताना काळा पाऊस अंगावर पडला. आजीने आल्याआल्या अंघोळ घातली. कदाचित त्यानेच ते वाचले, असं त्यांना पुढे वाटायचं.

युद्धानंतर कॉलेजात प्रवेश मिळेना. नागासाकीच्या फार्मसी कॉलेजचा तात्पुरता कॅम्पस घराजवळ आला म्हणून ते फार्मसीला गेले. आवड नव्हती. जवळ होतं म्हणून. आपल्यापैकी किती जणांची हीच कथा आहे! पुढे नागोया विद्यापीठात त्यांना एका चमकणाऱ्या समुद्री किड्यातलं रसायन शुद्ध करायचं काम मिळालं. ते इतरांना जमलं नव्हतं. यांनी १९५६ मध्ये त्याचे स्फटिक मिळवले. ते वाचून प्रिन्स्टनच्या फ्रँक जॉन्सन यांनी बोलावलं. १९६० मध्ये शिमोमुरा जहाजाने अमेरिकेला आले. नुकतंच लग्न झालेलं, पत्नीचं नाव अकेमी.

१९६१ च्या उन्हाळ्यात ही मंडळी मोटारीने देश ओलांडून वॉशिंग्टन राज्यातल्या सॅन वान बेटावर, फ्रायडे हार्बरला गेली. तिथल्या पाण्यात एक्वोरिया नावाची जेलीफिश असायची. पारदर्शक छत्री, आणि डिवचली की काठाने उजेडाची कडा. तो उजेड कशामुळे ते शोधायचं होतं.

सगळे म्हणत होते की काजव्यासारखीच रसायनं असणार. ती काढायचा प्रयत्न फसत गेला. शिमोमुरा म्हणाले, तो समज सोडून देऊ. जॉन्सनना पटेना. मग एकाच टेबलावर दोघं वेगवेगळं काम करू लागले. शिमोमुरा लहान होडीतून एकटेच पाण्यावर जाऊन विचार करत पडायचे. एके दिवशी सुचलं की हे काम प्रथिनाचं असेल, तर आम्लाने ते तात्पुरतं बंद पाडता येईल. करून बघितलं. आम्लात उजेड थांबला. आम्ल घालवल्यावर मंद परत आला. उरलेलं द्रावण त्यांनी सिंकमध्ये ओतलं आणि सिंक एकदम निळं उजळलं! त्या सिंकमध्ये मत्स्यालयाचं समुद्राचं पाणी वाहून येत होतं. समुद्राच्या पाण्यातल्या कॅल्शियमने प्रथिन पेटवलं होतं.

त्या उन्हाळ्यात सुमारे दहा हजार जेलीफिश पकडल्या. त्यातून शुद्ध पदार्थ मिळाला काही मिलीग्रॅम. त्याला एक्वोरिन नाव दिलं. १९६२ मध्ये पेपर आला. त्या पेपरात एका तळटिपेत लिहिलं होतं की आणखी एक प्रथिन मिळालंय, त्याचं द्रावण अतिनील दिव्याखाली तेजस्वी हिरवं दिसतं.

तळटिपेत! आम्ही ऑडिटर लोक ताळेबंदाच्या आधी तळटिपा वाचतो. खरी बातमी बहुतेक वेळा तिथेच असते. लेकीच्या बशीतला हिरवा ठिपका त्या तळटिपेतून आलाय. जेलीफिशमध्ये एक्वोरिन निळा उजेड तयार करतं आणि हे दुसरं प्रथिन तो घेऊन हिरवा करून देतं. याचंच पुढे नाव पडलं ग्रीन फ्लुरोसंट प्रोटीन, लाडाने जीएफपी.

मधे काही काळ शिमोमुरा नागोयाला परत गेले, १९६५ मध्ये पुन्हा प्रिन्स्टनला आले. १९६७ पासून सहकुटुंब उन्हाळे फ्रायडे हार्बरला जाऊ लागले. शिमोमुरा, अकेमी, मुलगा त्सुतोमु, मुलगी साची. धक्क्यावर जाळी घेऊन उभं राहायचं आणि जेलीफिश अलगद उचलायच्या. एकेका दिवसात हजारो. मग प्रत्येकीची चमकणारी कडा कापायची. आधी कात्रीने, मग त्यासाठी एक यंत्रच बनवलं. सगळ्या वर्षांचा हिशोब सुमारे साडेआठ लाख जेलीफिश.

जरा डोळ्यांसमोर आणा. प्रिन्स्टनहून इतर घरची मुलं उन्हाळ्यात कॅम्पला चालली आहेत, आणि ही दोन मुलं आईबाबांबरोबर देशाच्या दुसऱ्या टोकाला जेलीफिश धरायला. उपयोग काय, कोणी विचारलं तर सांगता येत नव्हतं. शिमोमुरांना उपयोगात फार रसही नव्हता. ती का चमकते, एवढंच त्यांना हवं होतं. १९७९ मध्ये, म्हणजे पहिल्या उन्हाळ्यानंतर अठरा वर्षांनी, जीएफपीच्या आत चमकणारा नेमका भाग कोणता ते त्यांनी शोधलं. ते प्रथिन बाहेरून कुठलाही रंग घेत नाही. स्वतःच्याच साखळीतली तीन अमिनो आम्लं वळवून आत रंग तयार करतं. लागतो फक्त ऑक्सिजन.

(मुलगा पुढे कॉम्प्युटर सुरक्षेतला नामांकित तज्ज्ञ झाला. १९९५ मध्ये केव्हिन मिटनिक या प्रसिद्ध हॅकरला पकडण्यात त्याचा मोठा हात होता. जेलीफिश पकडण्याची सवय कामाला आली म्हणायची.)

ज्याने लिफाफा पाठवला

आता मला सर्वात छळणारा भाग.

जीएफपीचा खरा उपयोग व्हायचा तर त्याचा जीन हातात हवा. म्हणजे जेलीफिश न पकडता, दुसऱ्या कुठल्याही प्राण्याच्या पेशीला "हे प्रथिन तूच बनव" असं सांगता येईल. हे काम हातात घेतलं डग्लस प्रॅशर यांनी, मॅसॅच्युसेट्सच्या वुड्स होल ओशनोग्राफिक संस्थेत. १९८८ मध्ये त्यांना अमेरिकन कॅन्सर सोसायटीकडून दोन लाख डॉलर मिळाले. एनआयएचकडे मागितलेले पैसे नामंजूर झाले. त्यांनी एकट्याने नेटाने काम करून जीन मिळवला आणि १९९२ मध्ये त्याचा क्रम प्रसिद्ध केला.

तोवर पैसे संपले होते. कायम नोकरीचा निर्णय तोंडावर आला होता आणि तो आपल्या बाजूने लागणार नाही असं त्यांना दिसत होतं. त्यांनी संशोधनाची ती वाट सोडली. पण सोडण्याआधी एक गोष्ट केली. दोन शास्त्रज्ञांनी जीन मागितला होता, त्या दोघांना पाठवून दिला. 

पहिले मार्टिन चॅल्फी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात. ते एका मिलिमीटरभर लांबीच्या पारदर्शक कृमीवर काम करायचे. १९८९ मध्ये एका व्याख्यानात त्यांनी जीएफपीबद्दल ऐकलं आणि ते इतके हरखले की उरलेलं व्याख्यान त्यांनी ऐकलंच नाही. पारदर्शक प्राण्यात चमकणारं प्रथिन, आणखी काय हवं! प्रॅशर आणि त्यांची मधे चुकामूक झाली, पण १९९२ मध्ये जीन पोचला. गिया युस्कर्शेन या विद्यार्थिनीने तो जिवाणूत घातला आणि जिवाणू हिरवे चमकले. जेलीफिशमधली दुसरी कुठलीही मदत लागली नाही. फेब्रुवारी १९९४ मध्ये 'सायन्स'मध्ये तो पेपर आला. लेखकांत प्रॅशर यांचं नाव आहे, आणि आपल्या रटगर्सचे विल्यम वॉर्ड यांचंही. माझ्या लेकीने वर्गात केलेला प्रयोग म्हणजे युस्कर्शेनच्या प्रयोगाची शाळकरी आवृत्ती.

एक घरगुती गोष्ट. चॅल्फींची पत्नी टुली हेझलरिग याही शास्त्रज्ञ, फळमाशीवर काम करणाऱ्या. त्यांचे अप्रकाशित निष्कर्ष पेपरात वापरायची परवानगी नवऱ्याने मागितली. त्यांनी लेखी अटी घातल्या: शनिवारी सकाळी कॉफी, एक खास फ्रेंच जेवण आणि महिनाभर कचरा टाकून येणे. करार कसा करावा याचा हा नमुना मी घरी दाखवला आहे. अजून सही झालेली नाही.

दुसरे रॉजर त्सिएन, कॅलिफोर्निया विद्यापीठ, सॅन डिएगो. चिनी स्थलांतरितांचा मुलगा, जन्म १९५२, वाढला लिव्हिंग्स्टन, न्यू जर्सीत. हो, आपलंच लिव्हिंग्स्टन, जिथे निम्म्या मंडळींचे भाचे-पुतणे राहतात. लहानपणी दमा, म्हणून मैदानी खेळ कमी, घरात रसायनांचे प्रयोग जास्त. हायस्कूलमध्ये असताना सरकारी पैशातून चालणाऱ्या एका उन्हाळी संशोधन कार्यक्रमाला गेला आणि त्या कामावर १९६८ मध्ये, सोळाव्या वर्षी, देशातल्या सर्वात मानाच्या विज्ञान स्पर्धेत पहिला आला. मूळ जीएफपीचा उजेड मंद होता. त्सिएन यांनी १९९५ मध्ये त्यातलं एकच अमिनो आम्ल बदलून ते कितीतरी जास्त तेजस्वी केलं. मग निळा, आकाशी, पिवळा. लाल मिळेना. तो मॉस्कोच्या शास्त्रज्ञांना मत्स्यालयातल्या एका प्रवाळात मिळाला, १९९९ मध्ये. त्यातून त्सिएन यांच्या लॅबने २००४ मध्ये रंगांची रांगच लावली आणि फळांची नावं दिली: चेरी, प्लम, टोमॅटो, बनाना. २००७ मध्ये हार्वर्डच्या लोकांनी अशा रंगांच्या मिश्रणातून उंदराच्या मेंदूतल्या पेशी वेगवेगळ्या छटांत रंगवल्या. फोटो शोधून बघा, पैठणीच्या काठाची आठवण येते.

२००८ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. शिमोमुरा, चॅल्फी, त्सिएन. नोबेल एका वेळी तिघांपेक्षा जास्त जणांना देत नाहीत.

त्या दिवशी डग्लस प्रॅशर अलाबामातल्या हंट्सव्हिलमध्ये एका मोटारींच्या शोरूमची व्हॅन चालवत होते. गाडी दुरुस्तीला टाकलेल्या गिऱ्हाइकांना घरी सोडायचं काम. मधल्या काळात त्यांनी दोन-तीन नोकऱ्या केल्या होत्या, शेवटची २००६ मध्ये गेली होती. चॅल्फी आणि त्सिएन यांनी त्यांना आणि त्यांच्या पत्नीला स्वखर्चाने स्टॉकहोमच्या समारंभाला नेलं. आपल्या भाषणांत त्यांचं ऋण मान्य केलं. पुढे प्रॅशर पुन्हा विज्ञानात आले आणि काही वर्षं त्सिएन यांच्याच लॅबमध्ये काम केलं.

वाचताना मला माझी पहिली दोन वर्षं आठवली. पुण्यातली सीए, हातात रँकचं सर्टिफिकेट, आणि इथे एका छोट्या टॅक्स ऑफिसात पावत्या तारखेप्रमाणे लावायचं काम. मग चौतिसाव्या वर्षी, मांडीवर पोर घेऊन, सीपीएची परीक्षा. माझं निभावलं. पण कागदावर लायक असणं आणि खुर्ची मिळणं यात किती अंतर असतं ते मला कोणी शिकवायला नको. म्हणूनच ती शीट केली होती.

लाडू छोटा तर निळा, मोठा तर लाल

या गोष्टीला एक जुळा भाऊ आहे, तोही आपल्या गल्लीतला. जीएफपी हे प्रथिन. त्याशिवाय चमकणारे निर्जीव कणही असतात, त्यांना क्वांटम डॉट म्हणतात. अर्धवाहक पदार्थाचे काही नॅनोमीटरचे स्फटिक. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. यांची गंमत अशी की पदार्थ तोच, पण कणाचा आकार बदलला की रंग बदलतो. छोटा कण निळ्याकडे, मोठा लालकडे. एकाच बेसनाचे लाडू वळावेत आणि लाडवाच्या आकाराप्रमाणे रंग यावा तसं.

हे सोव्हिएत रशियात अलेक्सी एकिमोव्ह यांनी काचेत पाहिलं आणि त्यांची खबर नसलेल्या लुईस ब्रस यांनी १९८३ मध्ये द्रावणात. ब्रस कुठे होते? मरे हिल, न्यू जर्सी, बेल लॅब्ज. त्यांच्याकडे शिकलेले मौंजी बावेंडी एमआयटीला गेले आणि १९९३ मध्ये त्यांच्या गटाने हवे त्या मापाचे, एकसारखे कण बनवायची पद्धत दिली. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी, बर्कलेच्या आणि इंडियानाच्या, असे कण पेशींवर खुणेसाठी वापरून दाखवले. नेहमीचे रंग प्रकाशात लवकर विटतात, हे कण बराच वेळ टिकतात, म्हणून एकेका रेणूचा माग काढता येतो. मात्र त्यातल्या बऱ्याच कणांत कॅडमियम असतं, ते विषारी. म्हणून त्यांचा वापर मुख्यतः लॅबमध्ये. या तिघांना २०२३ चं नोबेल मिळालं.

बावेंडी यांची एक गोष्ट आमच्या फ्रिजवर चिकटवली आहे. वडील ट्युनिशियाचे गणिती, आई फ्रेंच. हे लहानपणी अमेरिकेत आले. शाळेत सगळं सोपं गेलं. हार्वर्डला पहिली रसायनशास्त्राची परीक्षा दिली आणि शंभरपैकी वीस मिळाले. वर्गात सर्वात कमी. आपल्याला अभ्यास करायचा कसा हेच कधी शिकवलं गेलं नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं. ते शिकले. नोबेल जाहीर झालं त्या दिवशी त्यांनी हे स्वतःहून सांगितलं. ९२ वर रडणाऱ्या आपल्या पोरांना आणि त्या ९२ कडे बघून "बाकीचे आठ कुठे?" विचारणाऱ्या आपल्याला, दोघांनाही.

मग ताळेबंद?

मी लेकीला प्रॅशरची गोष्ट सांगितली ती घाबरवायला. खोटं कशाला बोलू. म्हटलं, बघ, असंही होतं. हुशारी कमी नव्हती, काम कमी नव्हतं, तरी व्हॅन चालवावी लागली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पण त्यांनी तो जीन पाठवला नसता तर?"

मी उत्तर दिलं नाही. आमच्या धंद्यात प्रत्येक नावे नोंदीला एक जमा नोंद लागते. इथे ती एकाच वहीत सापडत नाही. नावे पडलं प्रॅशरच्या घरी. जमा झालं जगभरच्या लॅबमध्ये, आणि माझ्या लेकीच्या शाळेतल्या बशीत. एका माणसाच्या वहीपुरतं बघितलं तर हा तोट्याचा धंदा आहे. सगळ्यांच्या वह्या एकत्र केल्या तर याच्याइतका फायद्याचा क्वचितच. आई म्हणून मला मात्र एकच वही दिसते, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

दोन्ही गोष्टी खऱ्या धरून आम्ही काय ठरवलं ते सांगते. सल्ला नाही, आमच्या घरापुरतं.

एक, पहिल्या चार वर्षांसाठी कर्ज काढायचं नाही. नावापेक्षा लॅब बघायची. राज्याच्या विद्यापीठात चांगल्या लॅब आहेत आणि पदवीच्या विद्यार्थ्यांना तिथे काम मिळू शकतं. इथे विज्ञानात पीएचडी करताना बहुतेक ठिकाणी फी माफ असते आणि थोडा पगारही मिळतो, हे माझ्या पहिल्या शीटमध्ये मी नीट धरलंच नव्हतं. सीएची शीट, आणि तीही चुकलेली!

दोन, संख्याशास्त्र आणि कोडिंग सोबत शिकायचं. वाट बदलावी लागली तर हात रिकामे नकोत.

तीन, येत्या उन्हाळ्यात तिने स्वतः प्राध्यापकांना ईमेल लिहायचे. मी मसुदा करून देणार नाही. आतापर्यंत अकरा पाठवले, नऊ जणांचं उत्तर नाही, एक नकार. एका बाईंनी लिहिलंय, येऊन बाटल्या धुवायची तयारी असेल तर भेट. ती नाचतेय. मी अजून रात्री कधीकधी ती शीट उघडते.

माझ्या बाबांनी मला कॉमर्सला घातलं तेव्हा त्यांच्याकडे एक्सेल नव्हतं, पाठकोऱ्या कागदावर त्यांनी हाच हिशोब केला होता. तो चुकला असं मी म्हणणार नाही. त्याच हिशोबावर आज मी लेकीला पाठीशी राहते म्हणू शकते. शिमोमुरांना कॉलेज घराजवळ होतं म्हणून फार्मसी घ्यावी लागली, त्यांच्या मुलांना निवडता आलं. एक पिढी निभावते, दुसरीला थोडी निवड मिळते. परदेशात येऊन आपण एवढं तरी केलं ना?

रविवारसाठी प्रयोग

ऑनलाइन दहा-पंधरा डॉलरला छोटी अतिनील टॉर्च मिळते. दिवे बंद करा. टॉनिक वॉटरवर धरा, निळं दिसेल. चिमूटभर हळद रबिंग अल्कोहोलमध्ये किंवा तेलात मिसळा, पिवळं-हिरवं चमकेल. वीस डॉलरची नोट धरा. पिकलेल्या केळ्याची साल निळसर दिसेल. टॉर्च डोळ्यांत मारायची नाही आणि अल्कोहोलजवळ गॅस पेटवायचा नाही, एवढं मोठ्यांनी बघा. आमच्या मराठी शाळेच्या वर्गात केला तर पोरं अर्धा तास जागची हलली नाहीत. "हळद कशी काय चमकते?" हा प्रश्न मराठीतून आला, हा वेगळा बोनस.

तुमच्याकडे कोणाची मुलं संशोधनात आहेत का? चांगलं-वाईट दोन्ही लिहा. विशेषतः ज्यांनी मधेच सोडलं त्यांचं ऐकायला आवडेल, कारण तेच कोणी सांगत नाही.

आणि शास्त्रात मी कच्ची आहे. जाणकारांनी चुका दाखवाव्यात, दुरुस्त करेन. आमच्या बिलावर खाली छापतात तेच लिहून थांबते:

चूकभूल देणे घेणे.